सुगम्यतेची परीक्षा तलासरीत घ्या

निवडणुकीच्या दिवशी पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यात एखाद्या पाड्यावरच्या शाळेत जे मतदानयंत्र मांडले जाते, त्याच्या बॅलट युनिटवर बटणांच्या बाजूला १ ते १६ हे आकडे ब्रेलमध्ये उठवलेले असतात. दृष्टिहीन मतदारांसाठी ब्रेलमधली नमुना मतपत्रिकाही असते. ती बोटांनी वाचायची, हव्या त्या उमेदवाराचा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि यंत्रावर तोच क्रमांक चाचपून बटण दाबायचे, म्हणजे आपले मत कुणालाही न सांगता देता येते. त्या गावात ब्रेल जाणणारा एकही माणूस नसला तरी ते आकडे तिथे असतातच. कुणी अर्ज केला म्हणून ते आलेले नाहीत की कुणा तहसीलदाराने पाठपुरावा केला म्हणूनही नाहीत. निवडणूक आयोगाने यंत्राच्या रचनेतच ते धरले आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स व इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या दोन सरकारी कंपन्या तशीच यंत्रे बनवतात, म्हणून ते डहाणूलाही पोचतात आणि दिल्लीलाही. व्यवस्था परिपूर्ण नाही. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी दृष्टिहीन मतदाराला वाचता येत नाही, त्यामुळे आपले मत योग्य ठिकाणी पडले की नाही हे त्याला स्वतः पडताळता येत नाही. तरीही सरकारी तंत्रज्ञान दिव्यांगांच्या हाती यायचे तर काय करावे लागते, हे या यंत्राइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. विकत घेणाऱ्याला अट आधी घालावी लागते.

मतदान काही वर्षांतून एकदा येते. रेशन दर महिन्याला लागते, पेन्शन दर महिन्याला लागते आणि दाखला तर कधीही लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख आणि तलासरीची सुमारे दीड लाख होती. तलासरीत दहातले नऊ जण आदिवासी. इथल्या दिव्यांग माणसाला सरकारकडून काही हवे असेल तर आता बहुतेक वेळा मध्ये एखादे पोर्टल, ॲप किंवा यंत्र येते. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचा दाखला युडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या पोर्टलवरूनच देणे देशभर बंधनकारक झाले. म्हणजे आपण दिव्यांग आहोत हे सरकारदरबारी सिद्ध करण्याची पहिली पायरीच ऑनलाइन आहे. त्यानंतर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, वर्षातून एकदा हयातीचा दाखला, रेशन कार्डाची केवायसी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारखे रक्ताचे आजारही घेतले. पालघरच्या आदिवासी वस्त्यांना सिकलसेल नवा नाही. सांध्यांच्या कळांनी बेजार झालेल्या माणसाला ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ असे सांगितले जाते, तेव्हा पाड्यावरून पुन्हा कासा किंवा तलासरी गाठायचे म्हणजे काय, हे त्या पोर्टलचा आराखडा करणाऱ्याच्या मनातही आलेले नसते.

अडचण नेमकी कुठे होते ते जवळून पाहायला हवे. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवायचा असतो. वीटभट्टीवर, शेतावर, बांधकामावर आयुष्य गेलेल्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या कित्येकांची बोटेच झडलेली असतात. अंगठा लागला नाही की यंत्र नकार देते. अंगठा न लागल्यास अन्य मार्गाने ओळख पटवून, वहीत अपवादाची नोंद करून धान्य द्यावे, अशा सूचना केंद्राने २०१७ मध्येच दिलेल्या आहेत. पण त्या अमलात आणणे दुकानदाराच्या मर्जीवर राहते. आता चेहरा दाखवून ओळख पटवण्याची पद्धत आली आहे. मोबाइलच्या पडद्यावर एक गोल येतो, चेहरा त्याच्या आत धरायचा आणि सूचना आली की डोळे मिचकावायचे. गोल कुठे आहे हे ज्याला दिसत नाही, त्याने चेहरा आत धरायचा कसा? ॲसिडहल्ल्यात ज्यांच्या पापण्याच उरल्या नाहीत, त्यांनी मिचकावायचे काय? हे दोन्ही प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने निकाल देताना डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हटले आणि २० निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय ठेवा, सहीऐवजी अंगठ्याचा ठसा स्वीकारा, सुगम्यतेची ठरावीक काळाने तपासणी करून घ्या आणि प्रणाली सुरू करण्यापूर्वीच्या चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींना सामील करून घ्या, असे ते निर्देश सांगतात.

निकाल मोलाचा आहे. पण जो कायदा २०१६ मध्येच झाला, त्याच्या पायावर २०२५ मध्ये न्यायालयाला डोळे मिचकावण्यापर्यंतचे तपशील सांगावे लागले, याचे कारण शोधले पाहिजे. कायद्याची भाषा सौम्य नाही. कलम ४० म्हणते की केंद्राने इमारती, वाहतूक आणि माहिती-तंत्रज्ञान यांच्या सुगम्यतेची मानके नियमांनी ठरवावीत. कलम ४२ सरकारवर इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम्य करण्याची जबाबदारी टाकते. कलम ४६ नुसार नियम आल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम्य व्हायला हव्यात. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०१९ मध्ये संपली. खोट होती ती नियमांत. नियम १५ मध्ये वेगवेगळ्या खात्यांच्या मार्गदर्शक सूचनांची नावे दिली होती आणि त्या सूचना ‘असे करावे, जमल्यास तसे करावे’ या थाटाच्या होत्या. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी खटल्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने नेमके याच कारणासाठी नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्तीचा आणि नियम सल्ल्याचा, हे चालणार नाही, असे सांगून किमान अटी सक्तीच्या स्वरूपात वेगळ्या काढा, असा आदेश दिला आणि तीन महिन्यांची मुदत घातली. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली.

सक्तीचे नियम हवेतच. पण सक्ती कुठल्या टप्प्यावर होणार, हा माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. याच कायद्याचे ४४ वे कलम इमारतींबाबत काय म्हणते ते पाहा: आराखडा नियमांप्रमाणे नसेल तर बांधकामाची परवानगी द्यायची नाही, आणि बांधकाम नियमांप्रमाणे झाले नसेल तर पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, इमारतीत राहायला जाऊ द्यायचे नाही. म्हणजे उतार नसलेले तहसील कार्यालय बांधून झाल्यावर भांडण्यापेक्षा ते वापरात येण्याआधीच अडवायचे. पोर्टलसाठी, ॲपसाठी, ई-पॉस यंत्रासाठी असे कलम कायद्यात नाही. ते आधी राज्यभर सुरू होते, मग तक्रार होते, मग दिव्यांग आयुक्तांपुढे सुनावणी होते, आणि उल्लंघन सिद्ध झाले तर कलम ८९ नुसार पहिल्या वेळी जास्तीत जास्त १० हजार रुपये दंड. कोट्यवधींच्या निविदेपुढे ही रक्कम काहीच नाही. शिवाय तक्रार करण्याचे ओझे त्याच माणसावर, ज्याला ते पोर्टल वापरता आलेले नाही. इमारतीला पूर्णत्वाचा दाखला लागतो, तसाच सरकारी सॉफ्टवेअरलाही लागावा आणि तो मिळेपर्यंत कंपनीचे अंतिम देयक निघू नये, ही या लेखाची मागणी आहे.

ही मागणी कुठून तरी उपटलेली नाही. आपल्याकडचे माहिती-तंत्रज्ञान सुगम्यतेचे मानक, आयएस १७८०२, भारतीय मानक ब्युरोने २०२१ आणि २०२२ मध्ये दोन भागांत काढले. ते ज्याच्या धर्तीवर बेतले आहे, ते ईएन ३०१ ५४९ हे युरोपीय मानक २०१४ मध्ये पहिल्यांदा निघाले तेव्हा त्याच्या शीर्षकातच सार्वजनिक खरेदीसाठीच्या अटी असे म्हटले होते. म्हणजे ते मुळात निविदेला जोडायचे कागद म्हणूनच लिहिले गेले. ओळख पटवण्यासाठी शरीराच्या एकाच खुणेवर विसंबून राहू नये, अशी स्पष्ट अट त्यात आहे. रेशन दुकानातल्या अंगठ्याचा प्रश्न त्या एका वाक्यात सुटतो. अमेरिकेनेही हाच रस्ता धरला. तिथल्या पुनर्वसन कायद्याचे ५०८ वे कलम १९९८ मध्ये बदलून संघराज्य सरकारची खाती जे तंत्रज्ञान विकत घेतील ते दिव्यांग कर्मचाऱ्यांना आणि नागरिकांना वापरता आलेच पाहिजे, असे ठरवले गेले. सरकार हेच सर्वांत मोठे गिऱ्हाईक असल्याने कंपन्यांना आपले उत्पादन किती सुगम्य आहे याचे तपशीलवार विवरण द्यावे लागू लागले. अंमलबजावणीत तिथेही उणिवा आहेत, पण जबाबदारी कुणाची याबद्दल संदिग्धता नाही. आपण मानक घेतले आणि खरेदीशी असलेला त्याचा सांधा मागे सोडला. २०२३ मध्ये ते नियम १५ मध्ये घातले गेले, आणि त्या नियमाचा पायाच पुढच्या वर्षी न्यायालयात टिकला नाही.

यावर पहिला आक्षेप इथल्याच कार्यालयांतून येईल आणि तो वरवर खरा वाटतो. तलासरीतला दिव्यांग माणूस पोर्टल स्वतः उघडतोच कुठे? तो आपले सरकार सेवा केंद्रात जातो, केंद्रचालक अर्ज भरून देतो. मग पोर्टल दृष्टिहीनाला वाचता आले काय नि न आले काय? याचे उत्तर तीन बाजूंनी द्यावे लागेल. अंगठा आणि चेहरा दिव्यांग माणसाचाच लागतो, तिथे केंद्रचालक मदतीला येऊ शकत नाही. जिथे यंत्राशी थेट गाठ पडते तिथेच ते सर्वांत आडमुठे आहे. दुसरे असे की मध्यस्थावर अवलंबून असलेल्या माणसाला आपले आधार कार्ड, बँकेचे पासबुक, मोबाइलवर आलेला ओटीपी असे सगळे दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. अर्जात दिव्यांगत्वाची टक्केवारी चुकीची पडली, बँक खात्याचा एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर ते त्याला कळण्याची सोय नसते. त्रुटीचा संदेश एसएमएसने येतो आणि तो वाचायलाही पुन्हा दुसराच लागतो. बहिऱ्या माणसाची गत आणखी वाईट, कारण अडचण आली तर फोन करा म्हणून जो मदत क्रमांक दिलेला असतो, तो त्याच्या काहीच उपयोगाचा नसतो. बहुतेक केंद्रचालक प्रामाणिकपणे काम करतात, पण कुणाच्या प्रामाणिकपणावर हक्क टांगून ठेवायचा नसतो. तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्याच २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना किमान ४ टक्के आरक्षण दिले आहे. कार्यालयाचे स्वतःचे सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरला वाचता येत नसेल, तर त्या आरक्षणातून आलेला दृष्टिहीन लिपिक दिवसभर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची वाट पाहत बसणार आणि त्याच्या गोपनीय अहवालात काम कमी केल्याचा शेरा येणार. हे टाळायचे तर टेबलापलीकडच्या पडद्याचाही विचार करायला हवा.

दुसरा आक्षेप क्रमाचा असतो. जिथे मोबाइलला रेंज नाही, वीज जाते, तिथे आधी ते द्या, सुगम्यतेचे मग बघू. रेंज द्यायलाच हवी, त्यात वाद नाही. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. अर्जांच्या याद्या, जाहिराती, परिपत्रके कागदावर छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून संकेतस्थळावर चढवण्याची सवय सरकारी कार्यालयांत खोल रुजली आहे. असा स्कॅन म्हणजे निव्वळ छायाचित्र. एनव्हीडीएसारखा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर किंवा अँड्रॉइड फोनमधला टॉकबॅक त्यातला मजकूर थेट वाचू शकत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधला मजकूर असेल तर स्क्रीन रीडर मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे बडबडतो. तीच यादी युनिकोडमधल्या साध्या मजकुरात दिली तर ती बोलून दाखवता येते, शोधता येते, मोठी करून पाहता येते, आणि आकाराने इतकी लहान होते की क्षीण रेंजमध्येही उघडते. म्हणजे दृष्टिहीनासाठी योग्य ते पाड्यावरच्या कमजोर नेटवर्कसाठीही योग्य ठरते. इतरांनाही फायदा होतो म्हणून सुगम्यता द्या, असा युक्तिवाद मात्र मी करणार नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग नोंदले गेले, तेही जुन्या, अपुऱ्या प्रकारांनुसार. आकडा याच्या दहावा हिस्सा असता तरी हक्क तेवढाच राहिला असता.

खर्चाचा आक्षेप तर डहाणूत उभाच राहू नये. याच तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवण बंदरासाठी ७६ हजार २२० कोटी रुपयांचा आराखडा मंजूर होतो, तिथे पोर्टलच्या रकान्यांना नावे देण्याचा खर्च परवडत नाही असे म्हणणे पटत नाही. सुगम्यता महाग पडते ती मागाहून बसवताना. सुरुवातीलाच धरली तर बटणाला लिखित नाव देणे, रंगांत पुरेसा फरक ठेवणे, माउसशिवाय कळफलकाने काम होईल असे करणे ही प्रोग्रामरच्या रोजच्या कामाचीच बाब आहे. शिवाय एकदा केलेले सगळ्यांना पुरते. जिल्ह्यांची संकेतस्थळे एनआयसी या केंद्राच्या संगणक-संस्थेच्या एकाच सामायिक चौकटीवर उभारली गेली, तेव्हा अक्षरे मोठी करण्याची, रंगभेद वाढवण्याची सोय प्रत्येक जिल्ह्याला वेगळा पैसा न घालता मिळाली. मतदानयंत्राचाच न्याय इथे लागू पडला. आणि जिथे चौकट संपते, जिथे प्रत्येक कार्यालय आपापला स्कॅन चढवू लागते, तिथे सुगम्यताही संपते. सक्तीने योजना रखडतील ही भीती काहींना वाटते. तिला रतुडी निकालातच उत्तर आहे: ज्यावाचून चालणारच नाही अशा किमान अटी आज सक्तीच्या करा, बाकीच्या टप्प्याटप्प्याने आणा. रकान्याचे नाव वाचता येणे, ओटीपीची वेळ वाढवून घेता येणे, अंगठा आणि चेहरा यांना पर्याय असणे, फोनऐवजी लिहून मदत मागता येणे, एवढे तर किमान यादीत यायलाच हवे.

मग परीक्षा कुणी आणि कुठे घ्यायची? सरकारी संकेतस्थळांना एसटीक्यूसी या केंद्राच्या गुणवत्ता-तपासणी यंत्रणेचे प्रमाणपत्र मिळवण्याची व्यवस्था आहे, ती ठेवावीच. न्यायालयाने चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींना घ्यायला सांगितले आहे, तेही व्हावे. पण ही माणसे मुंबई-पुण्यातली, इंग्रजी संगणकावर तरबेज झालेलीच असतील, तर निकाल अर्धवट येईल. त्यांचे कौशल्य लागेलच. त्यांच्यासारखे चुकीचे कोड पकडणारे दुसरे कुणी नाही. त्याच्या जोडीला अशी माणसे हवीत जी घरात वारली किंवा धोडिया बोलतात, ज्यांना कार्यालयीन मराठीतला ‘प्रमाणित करण्यात येते’ हा प्रकारच परका आहे, ज्यांच्याकडे घरात मिळून एक स्वस्त फोन आहे आणि ज्यांनी स्क्रीन रीडर कधी ऐकलेला नाही. वारली बोलणाऱ्या दृष्टिहीन बाईला टॉकबॅकचे मराठी कळते का, सिकलसेलच्या रुग्णाला एकाच फेरीत काम उरकता येते का, बोटे नसलेल्या माणसाला दुकानदाराची विनवणी न करता धान्य मिळते का, हे मंत्रालयातल्या वातानुकूलित दालनात कळणार नाही. डहाणू-तलासरीत जे चालेल ते राज्यात जवळजवळ कुठेही चालेल, म्हणून चाचणी इथे घ्यावी. चाचणीला येणाऱ्यांना दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च द्यावा, कारण ते सरकारचे काम करत असतील.

यासाठी केंद्राच्या नियमांची वाट पाहण्याचे महाराष्ट्राला कारण नाही. खरेदीदार म्हणून निविदेत अट घालण्याचा अधिकार राज्याकडे आजही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग उभा केला. तंत्रज्ञान खरेदीची बाजू माहिती-तंत्रज्ञान विभाग आणि राज्याची महाआयटी ही कंपनी पाहतात. या दोन्ही बाजूंनी मिळून एक शासन निर्णय काढला तरी पुरे: राज्याच्या पैशातून घेतले जाणारे प्रत्येक पोर्टल, ॲप आणि यंत्र आयएस १७८०२ प्रमाणे असेल, अनुसूचित क्षेत्रातल्या किमान एका तालुक्यात दिव्यांग नागरिकांकडून त्याची प्रत्यक्ष चाचणी होईल, तिचा अहवाल सोप्या मराठीत, मजकुराच्या स्वरूपात, तहसील कार्यालयात आणि संकेतस्थळावर लागेल, प्रत्येक मोठ्या बदलानंतर चाचणी पुन्हा होईल, आणि अहवालातल्या त्रुटी दूर झाल्याचे जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी कळवल्याशिवाय कंपनीच्या देयकाचा शेवटचा हप्ता कोषागारातून निघणार नाही. सेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंडाची तरतूद आहेच. पोर्टल वापरता आले नाही म्हणून जो अर्ज दाखलच होऊ शकला नाही, त्याचीही मुदत दिव्यांग माणूस पहिल्यांदा केंद्रावर किंवा दुकानात आला त्या तारखेपासून मोजली जावी, आणि ती तारीख नोंदवणारी पावती त्याला त्याच दिवशी हातात मिळावी.